गार मासा टाकीत मावेना, नदीत सोडू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाकडच्या एका ताईंच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी ॲक्वेरियमच्या दुकानातून ‘क्रोकोडाइल फिश’ म्हणून बोटभर लांबीचा मासा आणला. त्याचं खरं नाव गार (थंड या अर्थाचं नव्हे, इंग्रजीतलं gar), मूळचा अमेरिकेतला. दुकानदार म्हणाला, टाकीच्या मापानेच वाढतो, काळजी नको. आता तो पावणेदोन फुटांचा झालाय, चार फुटी टाकीत वळताना काचेवर तोंड घासतो आणि सोबतचे सगळे मासे त्याने केव्हाच संपवलेत. घरात असं ठरत आलंय की पावसाळा लागलाच आहे, पवनेत सोडून द्यावा, बिचारा मोकळा होईल. शिवाय तीन उपप्रश्न आहेत: रात्री टाकीतून ‘चुळुक’ असा आवाज येतो तो कसला, हा मासा डायनोसॉरच्या काळातला आहे हे खरं का, आणि (हा बहुतेक सासऱ्यांचा) खाता येतो का.

ताई, मुख्य उत्तर आधी देऊन टाकतो. पवनेत सोडू नका. खडकवासल्यात नको, सोसायटीच्या तळ्यात नको, गावाकडच्या विहिरीतही नको. कारण खाली सांगतोच, पण ते वाचायच्या आधी कुणी बादली उचलली असेल तर ती खाली ठेवायला सांगा.

मी मूळचा साताऱ्याकडचा. मत्स्यशास्त्र शिकलो आणि नशिबाने टेक्सासमधल्या ट्रिनिटी नदीवर जाऊन पडलो. सतरा वर्षं गार मासे पकडायचे, मोजायचे, खूण लावून परत सोडायचे, हाच धंदा केला. परत आल्यापासून वर्षाला पाच-सात जण मला हाच प्रश्न विचारतात. मासा तोच, टाकी तीच, दुकानदाराचं वाक्यही तेच.

तुमच्या फोटोत माशाचं तोंड आखूड आणि रुंद आहे, मगरीसारखं बोथट. पाठीवर एक फिकट पट्टा दिसतोय, तो लहान वयात असतो, पुढे जातो. हा ॲलिगेटर गार. मोठा झाला की त्याच्या वरच्या जबड्यात मोठ्या दातांच्या दोन-दोन रांगा दिसतात, त्यावरून शंकाच उरत नाही. गारांच्या आज सात जाती जिवंत आहेत आणि सातही अमेरिका खंडांतल्या: उत्तरेला कॅनडातल्या क्विबेकपासून दक्षिणेला कोस्टारिकापर्यंत, आणि एक क्यूबात. त्या सातांतली सर्वांत अवाढव्य जात नेमकी तुमच्या हॉलमध्ये आहे. ठिपक्यांचा किंवा फ्लोरिडाचा गार असता तर अडीच-तीन फुटांवर भागलं असतं. ॲलिगेटर गार आठ फुटांच्या पुढेही जातो.

इथे एक घोटाळा मिटवून घेऊ, कारण सासऱ्यांच्या मनात तोच असणार. आपल्या बाजारात लांब चोचीचा, सडपातळ, निळसर-हिरवट समुद्री मासा येतो. कुणी त्याला टोळ म्हणतं, कुणी सुईमासा, आणि इंग्रजी पाटीवर ‘गारफिश’ लिहिलेलं असतं. त्याची हाडं हिरवी निघतात, ज्याने साफ केलाय तो विसरत नाही. त्याचा आणि या गारचा काही संबंध नाही. गंमत म्हणजे नावाचा खरा मालक तो सुईमासाच. जुन्या इंग्रजीत गार म्हणजे भाला. युरोपच्या किनाऱ्यावरच्या भाल्यासारख्या सुईमाशाला ते नाव आधीपासून होतं. गोरे लोक अमेरिकेत गेले, नद्यांत लांब तोंडाचा मासा दिसला आणि त्यांनी घरचंच नाव त्याला चिकटवलं.

आता चुळुक. तो आवाज श्वासाचा आहे. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, वाताशय म्हणतात तिला, आणि तिचं मुख्य काम पाण्यात तरंगतं राहणं. गारमध्ये ही पिशवी घशाला जोडलेली आहे आणि आतून रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने भरलेली, बऱ्यापैकी फुप्फुसासारखी. मासा वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढतो, जुनी हवा सोडतो, नवी गिळतो आणि खाली जातो. थंड पाण्यात त्याचं कल्ल्यांवर भागतं. पाणी तापलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि शरीराची गरज मात्र वाढते, मग तो वरच्या हवेवर जगतो. ऑगस्टमध्ये ट्रिनिटीच्या एखाद्या साचलेल्या डोहावर संध्याकाळी बसलं की चहूबाजूंनी हेच ऐकू येतं, कुणी मोठ्ठा घोट घेऊन ढेकर द्यावा तसं. बाकीचे मासे तळाला तडफडत असतात आणि गार आपले निवांत. तुमच्या टाकीचं झाकण पाण्याला अगदी टेकलेलं दिसतंय. ही गोष्ट गंभीर आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

सासऱ्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अनुभवाचं उत्तर आहे, आणि त्याची खूण अजून डाव्या अंगठ्यावर आहे. तिकडे गेलो तेव्हा आईने सामानात विळी दिली होती. पहिल्याच वर्षी एका मच्छीमाराने मला चार फुटी गार दिला. म्हटलं, आज मालवणी रस्सा. विळीवर मासा धरला, दाबला, आणि विळीचं पातं खवल्यावरून सर्रकन घसरून अंगठ्यात गेलं. माशाला ओरखडाही नव्हता. गारचे खवले आपल्या रोहू-कटल्यासारखे नखाने उडणारे नसतात. शहाबादी फरशी बसवावी तसे चौकटीच्या आकाराचे, एकाला एक खाचेत अडकवलेले हाडाचे तुकडे असतात आणि वर दाताच्या चकाकीसारखा कठीण लेप. तिथले मूळ रहिवासी या खवल्यांचं बाणाचं टोक करत. तो मच्छीमार माझा रक्ताळलेला अंगठा बघून पोट धरून हसला आणि गाडीतून पत्रा कापायची कात्री घेऊन आला. शेपटीपाशी एक भोक पाडायचं, तिथून पाठीच्या कडेकडेने पत्रा कापावा तसं डोक्यापर्यंत कापत जायचं, मग दोन्ही बाजूंनी चिलखत उलगडायचं. आत पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना पांढऱ्या मांसाच्या दोन लांब पट्ट्या मिळतात. घट्ट मांस, काटे नाहीत, चवीला सुरमईपेक्षा कोंबडीच्या जवळचं. रस्सा झाला, तीन दिवस उशिरा.

लुइझियानात याच मांसाचे तळलेले गोळे करतात. मेक्सिकोच्या टबास्को राज्यात तर त्यांच्याकडचा उष्ण प्रदेशातला गार, पेहेलागार्तो, तोंडातून काठी घालून अख्खा निखाऱ्यावर भाजतात. खवल्यांचं चिलखत हेच भांडं. तिथे त्याची शेतीही होते. म्हणजे खाता येतो. पण गाभोळी मात्र कधीच नाही. गारची अंडी माणसाला विषारी असतात. माशाची गाभोळी दिसली की आपला हात आधी तिकडे जातो, म्हणून मुद्दाम सांगतो: गारची अंडी फेकायची आणि तीही कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाहीत अशी. आणि टाकीत दोन वर्षं वाढलेला मासा खाण्याचा विचारही करू नका, त्यात कोणकोणती औषधं पडली असतील ते तुमच्या मुलालाही आठवत नसेल.

आता या माशाचं खरं आयुष्य कसं असतं ते सांगतो, कारण टाकी का पुरत नाही ते त्याशिवाय कळणार नाही.

ॲलिगेटर गार नदीत राहतो खरा, पण त्याची वीण नदीत होत नाही, पुरात होते. वसंत संपता संपता पाणी वीस अंशांच्या वर गेलं आणि त्याच सुमारास नदी काठ ओलांडून गवताळ मैदानांत पसरली, तरच तो अंडी घालतो. दोन्ही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. माझ्या चौथ्या वर्षी मे महिन्यात असा पूर जुळून आला. आम्ही एका बुडालेल्या कुरणात गुडघाभर पाण्यातून चाललो होतो. समोर पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. जवळ गेलो तर एक मादी, माझ्याहून लांब, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी घासत सहा-सात नर. पाणी इतकं उथळ की त्यांच्या पाठी बाहेर आलेल्या, उन्हात कौलांसारख्या चमकणाऱ्या. आम्ही दहा पावलांवर उभे होतो आणि त्यांना आमची शुद्धही नव्हती. एक मादी एका खेपेला लाखाच्या घरात अंडी टाकते. ती चिकट असतात, गवताच्या पात्यांना चिकटून बसतात. दोन-चार दिवसांत पिल्लं निघतात आणि त्यांच्या तोंडाच्या टोकाला एक चिकट चकती असते. तिने ती गवताला लटकून राहतात, पोटातला बलक संपेपर्यंत. तिसऱ्या दिवशी मी एक पातं उचलून उन्हाकडे धरलं, तर त्यावर ओळीने सुतासारखी पिल्लं टांगलेली, शेपट्या थरथरत होत्या. पाणी लवकर ओसरलं असतं तर सगळी वाळून गेली असती. त्या वर्षी ओसरलं नाही. पुढची तीन वर्षं मात्र त्या भागात पूरच आला नाही, आणि त्या तीन वर्षांची पिल्लं आमच्या जाळ्यात जवळजवळ दिसलीच नाहीत.

असं बेभरवशाचं वेळापत्रक कुणाला परवडेल? ज्याच्याकडे वर्षं भरपूर आहेत त्याला. मादी वयात यायलाच साधारण दहा वर्षं घेते, आणि मग अनेक दशकं जगते. पाच पूर हुकले तरी सहावा गाठता येतो. वय आम्ही माशाच्या कानातल्या खड्यांवरून मोजतो. डोक्याच्या आत चुन्याचे बारके खडे असतात, त्यांचा पातळ काप केला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात. पण वर्तुळं मोजण्यात चूक होतेय का, हे तपासायचं कसं? इथे अणुबॉम्ब कामाला आले. 1950 आणि 60च्या दशकांत वातावरणात अणुचाचण्या झाल्या, त्यातून किरणोत्सारी कार्बन हवेत, पाण्यात आणि प्रत्येक जिवंत गोष्टीत शिरला. त्या काळात जन्मलेल्या माशाच्या खड्यात त्याची नोंद राहते. त्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर, 2020 मध्ये आलेल्या अभ्यासात साठीपर्यंतची वयं बरोबर निघाली. मिसिसिपी राज्यात 2011 मध्ये चोटार्ड तळ्यात एका मच्छीमाराच्या जाळ्यात जो मासा चुकून अडकला तो 148 किलोचा आणि साडेआठ फुटांना जरा कमी होता. त्याचं वय किमान 95 असावं असा अंदाज निघाला. जॅक्सनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात तो ठेवलाय. कुणी तिकडे गेलं तर जरूर बघा, फोटोत तो खोटा वाटतो.

म्हणजे ताई, तुमचा मुलगा नीट सांभाळेल असं धरलं तर हा मासा तुमच्या नातवाच्या लग्नाला असेल. दुकानात हे कुणी सांगत नाही.

डायनोसॉरच्या काळातला? हो, आणि याचं उत्तर द्यायला अमेरिकेला जायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे. तिथल्या लमेटा नावाच्या, डायनोसॉरच्या काळातल्या खडकांच्या थरांत माशांचे जीवाश्म सापडले. 1908 मध्ये लंडनच्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यातल्या एकाला नाव दिलं लेपिसॉस्टियस इंडिकस, म्हणजे भारतीय गार. शेजारच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची हाडं आणि अश्मीभूत विष्ठाही मिळते. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे जी गाळाची पातळ पट्टी सापडते, तिच्यातही गारचे ते चौकटी खवले अनेक ठिकाणी मिळालेत. म्हणजे ज्या लाव्ह्यातून पुढे आपला सह्याद्री घडला, तो वाहत होता तेव्हा इथल्या तळ्यांत गार होते. आफ्रिकेत होते, युरोपात होते, जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत तर अख्खे सांगाडे मिळालेत. कुळाचा उगम त्याहूनही जुना, जुरासिक काळाच्या उत्तरार्धातला. डायनोसॉर संपवणारी उल्का पडली त्यानंतर काही हजार वर्षांच्या आतच जगलेल्या एका गारचा जवळजवळ पूर्ण सांगाडा अमेरिकेत नॉर्थ डकोटात सापडलाय. बाकी जगातून ते हळूहळू नाहीसे झाले, अमेरिकेच्या बाजूला राहिले.

डार्विनने 1859 मध्ये ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द वापरला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असेच चिलखती, गोड्या पाण्यातले मासे होते. मला तो शब्द पूर्वी आवडत नसे. बदलला नाही म्हणजे मागास राहिला, असा त्याचा वास येतो. पण अलीकडे त्या शब्दाला थोडा आधार मिळालाय. 2024 मध्ये शेकडो कणाधारी प्राण्यांचे जनुक ताडून पाहिले, तर जबडा असलेल्या सगळ्या प्राण्यांत गारचे जनुक सर्वांत सावकाश बदलतात असं दिसलं. याचा पुरावा टेक्सासच्या नद्यांत पोहतोय. ॲलिगेटर गार आणि लांबतोंड्या गार यांचे वंश दहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झाले. माणूस आणि हत्ती यांचे वंश वेगळे होऊनही साधारण तेवढाच काळ लोटलाय. तरीही या दोन गारांचा संकर होतो, आणि त्या संकराला पुढे पिल्लंही होतात. आमच्या जाळ्यात असा एखादा यायचा. तोंड धड लांब नाही, धड रुंद नाही, आणि नोंदवहीत जातीच्या रकान्यात काय लिहायचं यावरून बोटीवर भांडण.

दुसरीकडे, 2016 मध्ये ठिपकेवाल्या गारचा सगळा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा वैद्यकातल्या लोकांनाच जास्त आनंद झाला. आपण रोज बघतो त्या बहुसंख्य माशांच्या पूर्वजात एकदा सगळे जनुक दुप्पट झाले होते, त्यामुळे त्यांची आणि माणसाची यादी जुळवताना गोंधळ होतो. गारचा वंश त्या दुपटीच्या आधीच फुटून निघालेला. त्यामुळे माणसाचा जनुक आधी गारमध्ये शोधायचा आणि तिथून प्रयोगशाळेतल्या झेब्राफिशकडे जायचं, असा रस्ता सापडला.

एवढं असून या माशाला विसाव्या शतकात तिथल्या लोकांनी जी वागणूक दिली ती ऐकून वाईट वाटेल. शिकारीचे आवडते मासे हा खातो, म्हणून तो कचरा मासा. पकडायचा, काठावर टाकायचा, मरू द्यायचा. 1930च्या दशकात टेक्सासच्या सरकारी खात्याने गार मारण्यासाठी पाण्यात वीज सोडणारी खास बोट चालवली होती. खरं तर पोट फाडून बघितलं तर आत बहुतांशी हाताला लागतील ते मासे मिळतात, एखादा खेकडा, क्वचित पाणपक्षी. गार माणसावर हल्ला करतो म्हणतात, पण अशी एकही घटना सिद्ध झालेली नाही. काठ बांधून नद्यांचे पूर अडवले, तसा वर सांगितलेला विणीचा मेळच बसेना. इलिनॉयमधून ही जात नाहीशी झाली, 2010 नंतर तिथे पिल्लं सोडून पुन्हा वसवायचा प्रयत्न चाललाय. टेक्सासने 2009 पासून एका माणसाला दिवसाला एकच गार अशी मर्यादा घातली. क्यूबातला गार, मांहुआरी, तर झापाटाच्या दलदलीत कसाबसा तग धरून आहे. ज्या माशाला त्याच्या घरी वाचवण्यासाठी एवढी धडपड चाललीय, तो इथे दुकानात पिशवीतून मिळतो.

मग पवनेत का नको, असं तुम्ही विचाराल, त्यालाही मोकळं पाणी मिळेल की. तुम्हाला वाटत असेल तो तिथे मरेल. माझी अडचण उलटी आहे, तो मरणार नाही. आपल्या शहराखालच्या नद्यांत पाण्यात प्राणवायू कसा असतो ते नाकाला कळतं. त्यात आपले देशी मासे गुदमरतात. हवा गिळणाऱ्या गारला ते पाणी चालतं. उष्णता त्याला मानवते, मचूळ पाणीही चालतं, चिलखत असल्यामुळे मोठा झाल्यावर त्याला खाणारं आपल्याकडे जवळजवळ कुणी नाही. आणि समोर येणारा मरळ, कोळीस, शिवडा, काहीही तो खाईल. एकटा आहे, वीण कशी होणार, हे खरं. पण तुमच्यासारखाच विचार करणारी पन्नास घरं त्या नदीकाठी आहेत. उजनीच्या मच्छीमारांना विचारा. चिलापीने तिथले जुने मासे कसे मागे सारले आणि सकर मासा जाळ्यात आला की जाळं कसं फाटतं, ते ऐकवतील. सकरही कुणाच्या तरी टाकीतूनच सुटला होता.

गारच्या बाबतीत सुरुवात झालेली आहे. 2018च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत असे पाळीव परदेशी मासे सापडले, त्यांत ॲलिगेटर गार होता. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात सापडला, त्याच वर्षी भोपाळच्या मोठ्या तलावातही. चीनमध्ये 2022 च्या उन्हाळ्यात हेनान प्रांतातल्या रुझोऊ शहरात बागेतल्या तळ्यात दोन गार दिसले. त्यांना धरायला महिनाभर खटपट चालली, शेवटी अख्खं तळं उपसलं, आणि ते लोकांनी मोबाइलवर थेट बघितलं. मासे फक्त दोन होते. जपानने 2018 पासून गारचं अख्खं कूळच पाळायला बंदी केली. आधी त्यांच्याकडे नागोया किल्ल्याच्या खंदकात तो सापडून झाला होता.

तर काय करायचं. तीन रस्ते आहेत, आणि तिन्ही सोपे नाहीत.

पहिला, ठेवायचा. मग चार फुटी टाकी विसरा. गारचं अंग चिलखतामुळे ताठ असतं, तो इतर माशांसारखा जागच्या जागी वळत नाही. त्यामुळे टाकीच्या लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची, निदान माशाच्या लांबीहून जास्त. नाहीतर आत्ता जे तोंड घासलं जातंय ते वाकडं होतं, मग पाठीचा कणा. ‘टाकीच्या मापाने वाढतो’ याचा अर्थ एवढाच असतो. वाढ खुंटते ती मासा आजारी पडतो म्हणून. पुढची पाच वर्षं धरली तरी सिमेंटचा किंवा ताडपत्रीचा, आत बांधलेला, पुराच्या पाण्याला कधीही न लागणारा हौद हवा, पंधरा फूट बाय आठ फूट आणि त्याला साजेसा फिल्टर. बंगला आणि हौस असेल तर जमतं. मी असे दोनच लोक पाहिलेत ज्यांना ते जमलं.

दुसरा, कुणाला तरी द्यायचा. सार्वजनिक मत्स्यालयांना फोन करून बघा, पण त्यांच्याकडे अशा माशांची रांग लागलेली असते. बहुतेक जण नाही म्हणतील, वाईट वाटून घेऊ नका. ऑनलाइन ‘मोफत देणे आहे’ टाकू नका. घेणारा सहा महिन्यांनी तुमचंच संकट नदीत नेऊन ओतेल. घेणाऱ्याचा हौद स्वतः जाऊन बघा. मासा दुकानदाराला परत देणंही मला पटत नाही. तो उद्या आणखी एका मुलाच्या पिशवीत जाईल.

तिसरा रस्ता कुणालाच ऐकायचा नसतो: मासे हाताळणाऱ्या पशुवैद्याकडून त्याला शांतपणे मरण देणं. गार हवा गिळतो, म्हणून भूल त्याच्यावर इतर माशांसारखी चटकन चढत नाही, घरी प्रयोग करू नका, त्याचे हाल हाल होतात. मी हा रस्ता आठ-दहा जणांना सुचवलाय, चौघांनी ऐकलं. त्यातल्या एकाने पुढे दोन महिने माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. तरी नदीत सोडण्यापेक्षा मी याच्याच बाजूने उभा राहीन. मुलापासून हे लपवू नका. दोन वर्षं त्याने सांभाळलाय, निर्णयात त्याला बसवा.

ठरवायला वेळ लागेल, तोवर एवढं सांभाळा. जिवंत गोल्डफिश टाकणं बंद करा. गोल्डफिशमध्ये असं एक द्रव्य असतं जे ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि दुकानातल्या आजारी माशांबरोबर रोगही येतो. सोललेली कोळंबी, चिलापीचे तुकडे चिमट्याने द्या, आठवड्यातून दोन-तीनदा, पोट फुगेपर्यंत नाही. खोलीतला दिवा रात्री एकदम लावू नका. गार दचकला की सरळ रेषेत सुटतो आणि समोर काच असते.

आणि ते झाकण. पाणी आज रात्रीच चार बोटं खाली करा, म्हणजे झाकणाखाली हवेची जागा राहील, मग झाकणावर वजन ठेवा. जागाच नसेल तर पाणी तापल्यावर हा मासा पाण्यात बुडून मरतो, शब्दशः. जागा केल्यावर दिवे घालवून मुलाला टाकीजवळ बसवा आणि घड्याळ लावून चुळुक मोजायला सांगा. तासाला किती, आणि पाण्याचं तापमान किती. आठवडाभराचे आकडे पाठवा, त्यावरून टाकीतलं पाणी कसं आहे ते मला इथूनच बरंचसं सांगता येईल.